दोन हजार कमानी, एक सोपी पायपीट

ट्रेक म्हटला की पहाटेचा गजर, घसाऱ्यावरची तारांबळ आणि दुसऱ्या दिवशी आखडलेल्या पोटऱ्या, एवढंच ज्यांना आठवतं, त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या युटा राज्यात एक जागा आहे. आर्चेस नॅशनल पार्क. गाडी लावायची, पंधरा-वीस मिनिटं चालायचं आणि मान वर करायची. समोर इमारतीएवढी दगडी कमान उभी असते आणि तिच्या पोटातून निळंशार आकाश दिसत असतं. मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला आलेले आई-बाबा ग्रँड कॅनियन पाहतात, लास व्हेगास पाहतात आणि परत जातात. माझं ठाम मत आहे, गुडघ्यांना फार त्रास न देता वाळवंटातला लाल दगड अगदी जवळून पाहायचा असेल तर आर्चेसच्या तोडीचं ठिकाण नाही.

जवळचं गाव मोआब. तिथून पार्कचं फाटक जेमतेम आठ किलोमीटर. सॉल्ट लेक सिटीहून निघालात तर गाडीनं चारेक तास. १९२९ मध्ये राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांनी या भागाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला आणि १९७१ मध्ये त्याचं नॅशनल पार्क झालं. क्षेत्रफळ सुमारे ३१० चौरस किलोमीटर आणि त्यात नोंदलेल्या कमानी दोन हजारांहून जास्त! इतक्या दाटीनं नैसर्गिक कमानी जगात दुसरीकडे कुठेही नाहीत.

भोक केवढं असलं की कमान?

दगडाला पडलेलं प्रत्येक भोक इथे मोजत नाहीत. कुठल्याही एका दिशेनं ते किमान तीन फूट हवं, तरच यादीत जागा. त्यामुळे जेमतेम रांगत पलीकडे जाता येईल असं छिद्र आणि शंभर फुटांची प्रचंड खिडकी, दोघंही एकाच यादीत आहेत. रतनगडाच्या नेढ्यात बसून वारा खाल्लेल्या किंवा राजगडाच्या सुवेळा माचीवरचं नेढं गाठलेल्या ट्रेकरला हे दृश्य ओळखीचं वाटेल. फरक आहे तो दगडाचा. आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, काळ्या बेसॉल्टचा. आर्चेसच्या बहुतेक कमानी एन्ट्राडा नावाच्या वालुकाश्मात आहेत आणि ती वाळू सुमारे सोळा कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरच्या काळात साचली.

आणखी एक नियम. वाहत्या ओढ्यानं किंवा नदीनं दगड आरपार कोरलेला असेल तर त्याला कमान म्हणत नाहीत, पूल म्हणतात. जुन्नर तालुक्यात आणे घाटाजवळ गुळुंचवाडीचा नैसर्गिक पूल पाहिला असेल, तर तो या दुसऱ्या गटातला.

सगळं मिठामुळे

या लाल नगरीचा खरा कारागीर जमिनीखाली दडलेला आहे. तो म्हणजे मीठ.

तीस कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. तो पुन्हा पुन्हा आटला, पुन्हा पुन्हा भरला आणि दर वेळी मागे मीठ ठेवून गेला. थरावर थर साचून मीठ हजारो फूट जाड झालं. पुढे कोट्यवधी वर्षं त्यावर वाळू आणि गाळ येऊन पडत राहिला आणि त्याचा दगड झाला. काही ठिकाणी हे ओझं मैलाहूनही जाड होतं. आता गंमत अशी, की मीठ दगडासारखं ताठ राहत नाही. वरून दाब वाढला की ते हळूहळू सरकतं आणि जिथे ओझं कमी असेल तिथे वर फुगतं. मीठ फुगलं तसा वरचा दगड उचलला गेला आणि त्याला एकाला एक समांतर अशा भेगा पडल्या. बेकरीतून आणलेली पावाची लादी वाकवली की पाव फटीफटीनं सुटे होतात, अगदी तसं. भेगांत पाणी शिरलं, भेगा रुंदावल्या आणि मधे उरल्या त्या उंच, पातळ दगडी भिंती. तिकडचे लोक त्यांना ‘फिन’ म्हणतात. अशा भिंतीच्या पायथ्याशी कच्चा थर आधी झिजतो, खळगा पडतो, खळगा खोल होत जातो आणि एके दिवशी पलीकडचा उजेड दिसतो. झाली कमान तयार.

पार्कच्या मधोमध सॉल्ट व्हॅली नावाची लांबलचक दरी आहे. तिथलं मीठ पाण्यानं विरघळून वाहून गेलं आणि वरचा दगड खाली बसला. गाडीतून उत्तरेकडे जाताना ही दरी डाव्या हाताला पसरलेली दिसते. कमानींच्या नादात तिच्याकडे कुणी पाहत नाही, पण तुम्ही जरूर पाहा.

नाव वाऱ्याचं, काम पाण्याचं

‘वाऱ्यानं कोरलेली शिल्पं’ असं वर्णन सर्रास केलं जातं. ते चुकीचं आहे. वाऱ्याचा वाटा किरकोळ. खरी मेहनत पाण्याची. पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं. वाळूचे कण एकमेकांना चिकटवून ठेवणारं चुनखडीचं सिमेंट ते विरघळवतं. हिवाळ्यात भेगेतलं पाणी गोठतं, गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि पाचर ठोकावी तसा दगड फाकवतं. आणि हे सगळं करायला इथे पाऊस पडतो किती? वर्षाला २० ते २५ सेंटिमीटर. मुंबईत जुलैतल्या एखाद्या धुवांधार दिवसात एवढा पडून जातो. इथे मात्र तेवढ्याच पाण्याला लाखो वर्षं मिळाली.

हा लाल रंग कुठला?

लोखंडाचा. वाळूच्या प्रत्येक कणावर लोहाच्या ऑक्साइडचं पातळसं आवरण आहे आणि अख्ख्या डोंगराला लाल करायला तेवढं पुरतं. कोकणातल्या जांभ्या दगडाचा तांबडेपणाही लोखंडाचाच. काही कड्यांवर वरून खाली ओघळलेले काळे, निळसर पट्टे दिसतात. तो वाळवंटी वार्निश म्हणून ओळखला जाणारा थर, त्यात माती, लोह आणि मँगॅनीज असतं. तो तयार व्हायला हजारो वर्षं लागतात आणि जुन्या काळच्या माणसांनी चित्रं कोरली ती याच काळ्या थरावर, म्हणजे आतला फिकट दगड उठून दिसतो.

सकाळ: रस्ता जिथे संपतो तिथून सुरुवात

फाटकापासून सुमारे २९ किलोमीटरवर डांबरी रस्ता संपतो. हे डेव्हिल्स गार्डन. बहुतेक लोक फाटकापासून एकेक ठिकाण करत इथे दुपारी पोचतात. तुम्ही उलटं करा, सकाळी आधी थेट इथे या. कारण दिवसभरातली सगळ्यात सुंदर वाट इथली आहे. लँडस्केप आर्चपर्यंत जाऊन-येऊन तीन किलोमीटर, रुंद आणि चांगली बांधलेली खडीची वाट, थोडासाच चढउतार. सुरुवातीलाच दोन्ही बाजूंनी फिनच्या भिंती जवळ येतात आणि वाट त्यांच्यामधून जाते. मधे टनेल आर्च आणि पाइन ट्री आर्चसाठी छोटा फाटा आहे, तोही करा.

मग ती दिसते. लँडस्केप आर्च ही उत्तर अमेरिकेतली सर्वांत लांब नैसर्गिक कमान. जुनी नोंद ३०६ फुटांची, लेझरनं मोजल्यावर ती २९० फूट भरली. पण आकडा विसरा आणि जाडी बघा. एवढा लांब दगड सर्वांत बारीक जागी जेमतेम सहा फूट जाड आहे. डाव्या टोकाला कमान अंगानं भरलेली आहे, उजवीकडे येता येता ती बारीक होत जाते आणि त्या बारीक भागाखाली उतारावर फुटक्या शिळांचा ढीग पडलेला आहे. तो ढीग नीट पाहा. त्याच्या कडा अजून धारदार आहेत, रंग आजूबाजूच्या दगडापेक्षा उजळ आहे. तो फार जुना नाही.

१ सप्टेंबर १९९१ रोजी कमानीखाली माणसं बसली होती. वरून कडकड आवाज आला, वाळू आणि खडे पडू लागले, लोक बाजूला पळाले आणि ६० फूट लांब, ११ फूट रुंद, चार फूट जाड असा एक तुकडा खाली कोसळला. कुणाला इजा झाली नाही. एका पर्यटकाच्या कॅमेऱ्यात तो क्षण टिपला गेला. १९९५ मध्ये आणखी तुकडे पडले आणि कमानीखालून जाणारी वाट कायमची बंद झाली. आता कुंपणाच्या अलीकडूनच पाहायचं. पुढे डबल ओ आर्चकडे जाणारी वाट फिनच्या पाठीवरून जाते आणि तिथे सोपेपणा संपतो. आई-बाबा बरोबर असतील तर इथूनच मागे फिरा, काहीही चुकत नाही.

जगातली सर्वांत लांब कोणती? चीनमधल्या ग्वांग्शी प्रांतातला नदीवरचा शिआनरेन पूल, सुमारे ४०० फूट. एवढी अजस्र गोष्ट बाहेरच्या जगाला २००९ पर्यंत ठाऊकच नव्हती. ती सापडली उपग्रहाच्या नकाशांवर शोधताना आणि २०१० मध्ये जागेवर जाऊन मोजली गेली.

रात्रीत गेलेली कमान

लँडस्केप आर्चच्या थोडं पुढे वॉल आर्च होती. पार्कमधली बाराव्या क्रमांकाची मोठी. ऑगस्ट २००८ मध्ये एका रात्री ती पडली. सकाळी वाटेवर नुसता दगडांचा ढिगारा! पडताना कुणीही पाहिली नाही.

उलटही घडतं. १९४० मध्ये स्कायलाइन आर्चच्या तोंडात अडकलेली प्रचंड शिळा निखळली आणि कमानीचं तोंड एकदम जवळपास दुप्पट मोठं झालं. रस्त्यावरून ती सहज दिसते, आकाशाच्या कडेला.

दुपार: सावलीतली वाळू

ऊन चढलं की सँड ड्यून आर्च गाठा. दोन भिंतींच्या अरुंद फटीतून आत शिरायचं, जाऊन-येऊन अर्धा किलोमीटर. आत मऊ, गुलाबी वाळूचा गालिचा आणि भर दुपारीही सावली. लहान मुलं इथून हलायला तयार होत नाहीत. चपला हातात घेऊन चाला. वाळूचा वरचा थर तापलेला असला तरी पाऊल रुतलं की खाली थंडावा लागतो. कमान छोटी आहे. तिच्यावर चढून उड्या मारायला मात्र बंदी आहे, मुलांना आधीच सांगून ठेवा.

जवळच फायरी फर्नेस आहे, दगडी भिंतींचा भूलभुलैया. नाव ऐकून वाटतं आत भट्टी पेटलेली असणार. प्रत्यक्षात आत बऱ्यापैकी थंड असतं. मावळत्या उन्हात बाहेरून ज्वाळांसारखा दिसतो म्हणून हे नाव. आत खुणांची वाट नाही, त्यामुळे परवाना काढल्याशिवाय किंवा रेंजरबरोबर नोंदणी केल्याशिवाय जाता येत नाही. सोप्या दिवसात हे बसत नाही. रस्त्यावरच्या ठिकाणावरून पाहा आणि पुढे चला.

इंडियाना जोन्सचा पत्ता

१९८९ च्या ‘इंडियाना जोन्स अँड द लास्ट क्रुसेड’च्या सुरुवातीला बॉय स्काउटची टोळी घोड्यांवरून लाल दगडांमधून जाते आणि छोटा इंडी दोन भल्यामोठ्या कमानींजवळ पोचतो. ती डबल आर्च. दोन कमानी एकाच पायावर उभ्या आहेत. मोठीची रुंदी १४४ फूट आणि उंची ११२ फूट, पार्कमधली सर्वांत उंच. गाडीतळापासून जाऊन-येऊन एक किलोमीटर, सपाट वाट. चित्रपटात दाखवलेली गुहा मात्र इथे शोधू नका, ती इथे नाही.

बाकीच्या कमानी बाजूनं झिजून झाल्या, ही वरूनही झिजली. डोक्यावरच्या दगडात पाणी साचून कुंडासारखा खड्डा पडला, तो खोल होत खालच्या खळग्याला मिळाला. आत उभं राहून सरळ वर पाहा. दगडाच्या चौकटीत आकाशाचा तुकडा दिसतो आणि कावळ्यांचे मोठे भाऊबंद, रेव्हन पक्षी, त्यातून आरपार जाताना दिसतात.

समोरच विंडोज. नॉर्थ विंडो, साउथ विंडो आणि टरेट आर्च अशी दीड किलोमीटरची फेरी. नॉर्थ विंडोतून टरेट आर्च चौकटीत पकडायचा फोटो सगळ्यांना हवा असतो आणि तो उगवतीच्या उन्हात सर्वांत छान येतो.

तोललेला दगड आणि तिथे राहिलेला लेखक

बॅलन्स्ड रॉक रस्त्यावरूनच दिसतो, तरी उतरून त्याला प्रदक्षिणा घाला. अर्धा किलोमीटरच आहे. एकूण उंची १२८ फूट. वरचा एकटा दगड ५५ फुटांचा, वजन सुमारे साडेतीन हजार टन. तो टेकवून ठेवल्यासारखा वाटतो, पण तसा नाही. खालचा दगड आणि वरचा दगड एकसंध आहेत. मधला मातकट थर ठिसूळ असल्यामुळे जास्त झिजला आणि मान बारीक झाली. शेजारी ‘चिप ऑफ द ओल्ड ब्लॉक’ नावाचा याचाच धाकटा भाऊ उभा होता. १९७५-७६ च्या हिवाळ्यात तो कोसळला.

या दगडाच्या परिसरातच एका ट्रेलरमध्ये एडवर्ड ॲबी राहत होता. १९५६ आणि १९५७ च्या हंगामांत तो इथे रेंजर होता. तेव्हा डांबरी रस्ता नव्हता, पर्यटक मोजके. त्या दिवसांवरून लिहिलेलं ‘डेझर्ट सॉलिटेअर’ १९६८ मध्ये प्रसिद्ध झालं आणि अमेरिकेत निसर्गावर प्रेम करणाऱ्यांच्या घरोघरी पोचलं. पार्कात मोटारींसाठी पक्के रस्ते करायला ॲबीचा कडाडून विरोध होता. नवा पक्का रस्ता १९५८ मध्ये खुला झाला. २०२१ मध्ये इथे १८ लाखांवर लोक येऊन गेले. ॲबीचं म्हणणं पूर्ण मान्य केलं असतं तर आपल्यातले बहुतेक जण इथे पोचलेच नसते, तरीही त्याचं पुस्तक वाचून इथे यावं असं मी सांगेन. त्यानं या जागेवर मनापासून जीव लावला होता आणि तो पानोपानी जाणवतो.

न्यूयॉर्कचा रस्ता, इजिप्तची राणी

पार्क अव्हेन्यू ही वाट न्यूयॉर्कच्या श्रीमंत रस्त्याच्या नावानं ओळखली जाते. दोन्ही बाजूंना सरळसोट भिंती आणि मधे कोरडा ओढा. एका बाजूची जेमतेम दीड किलोमीटर. वरच्या गाडीतळावर उतरा आणि गाडी चालवणाऱ्याला खालच्या टोकाला पाठवा, म्हणजे फक्त उतार चालायचा. कड्यावर एका बाजूला इजिप्तची राणी नेफर्टिटी नाक वर करून बसली आहे. खाली कोर्टहाउस टॉवर्सपाशी थ्री गॉसिप्स, तीन उंच आकृत्या डोकी जवळ आणून कुजबुजत उभ्या आहेत. काय बोलत असतील, हे मुलांना विचारा. उत्तरं फार छान मिळतात.

डेलिकेट आर्च: सगळ्यांची लाडकी

युटाच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर झळकणारी ती हीच. ५२ फुटी, एकटी, कड्याच्या टोकाला. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिकची मशाल युटामध्ये आली ती या कमानीतून. जुने काउबॉय तिला घोडेस्वाराच्या चामडी विजारीचं नाव द्यायचे. ती झिजू नये म्हणून १९५० च्या दशकात तिच्यावर पारदर्शक प्लास्टिकचा लेप द्यावा, असाही विचार झाला होता. तो सोडून दिला, हे फार बरं झालं.

पण ही वाट सोपी नाही. जाऊन-येऊन जवळपास पाच किलोमीटर, दीडशे मीटरची चढण, उघडा गुळगुळीत कातळ आणि सावली नाही. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी खालच्या व्ह्यूपॉइंटपासून शंभरेक पावलांवरून ती दिसते, लांबून. तेवढ्यावर समाधान मानलं तरी हरकत नाही, मात्र वाटेच्या सुरुवातीचं वुल्फ रँच चुकवू नका. जॉन वेस्ली वुल्फ हा यादवी युद्धात पाय जायबंदी झालेला सैनिक १८९८ मध्ये ओहायोहून मुलासह इथे आला, गुरं पाळली. १९०६ मध्ये मुलगी आपल्या कुटुंबासह राहायला आली. बापाचं झोपडं पाहून ती हादरली आणि मग आज दिसणारी लाकडी खोली बांधली गेली. १९१० मध्ये सगळे परत गेले. एवढीशी खोली, मातीचं छप्पर आणि भोवती नुसतं वाळवंट. त्या मुलीनं इथे संसार कसा मांडला असेल, या विचारानं पाय तिथे थबकतात.

पुढे पाचच मिनिटांवर युट लोकांनी कोरलेली चित्रं आहेत. घोडेस्वार, शिंगवाल्या मेंढ्या आणि कुत्र्यांसारखे प्राणी. ती १६५० ते १८५० मधली असावीत, हे कशावरून? घोड्यांवरून. स्पॅनिश लोकांनी आणण्यापूर्वी या भागात पाळीव घोडा नव्हता, म्हणजे चित्रं त्यानंतरचीच.

आता मान खाली घाला

कमानी पाहून झाल्या असतील तर वाटेच्या कडेला उकिडवे बसा. काळपट, फुगीर, खडबडीत माती दिसेल, बोटभर उंचीच्या बुरुजांचा किल्ला मांडल्यासारखी. ती जिवंत आहे. सायनोबॅक्टेरिया, शैवाल, दगडफूल आणि शेवाळ मिळून तो थर विणतात. या जिवाणूंचे चिकट धागे वाळूच्या कणांना बांधून ठेवतात, म्हणून वारा माती उडवून नेत नाही. तोच थर पावसाचं पाणी धरून ठेवतो आणि हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतो. त्यावर रोपं उगवतात, रोपांवर ससे आणि हरणं जगतात. एका बुटाखाली हे सगळं क्षणात चिरडतं आणि पूर्ववत व्हायला अनेक दशकं लागतात. फोटोसाठी वाटेबाहेर टाकलेलं एक पाऊल आपल्या नातवंडांना दिसू शकतं. एवढी एकच गोष्ट मनावर घ्या: पाय ठेवायचा तर वाटेवर, कातळावर किंवा कोरड्या ओढ्याच्या वाळूत.

दुसरी गंमत कातळावरच्या खळग्यांत. पाऊस पडून गेल्यावर त्यांत पाणी साचतं आणि थोड्याच दिवसांत त्यात पारदर्शक, उलटे पोहणारे, नखाएवढे जीव वळवळू लागतात. हे फेअरी श्रिंप, कोलंबीचे दूरचे नातलग. पाणी आटायच्या आत जन्म, वाढ, अंडी, सगळं उरकायचं. अंडी मग कोरड्या धुळीत, चाळीस अंशांवरच्या उन्हात आणि बर्फात वर्षानुवर्षं टिकून पुढच्या पावसाची वाट पाहतात. आपल्या सड्यांवरच्या पावसाळी डबक्यांतही हेच कुळ नांदतं. त्यातल्या एका जातीला सह्याद्रीचंच नाव मिळालं आहे. डबक्यात हात घालू नका. हाताला लागलेलं सनस्क्रीनसुद्धा या जिवांना घातक ठरतं.

पाणी न पिणारा उंदीर, स्वतःची फांदी वाळवणारं झाड

कांगारू रॅट नावाचा इथला छोटा उंदीर आयुष्यात पाण्याचा थेंब न पिता जगू शकतो. बियांमधलं अन्न पचताना जे पाणी तयार होतं, तेवढं त्याला पुरतं. आणि पिळवटलेल्या खोडाचं युटा ज्युनिपर दुष्काळात एखाद्या फांदीचं पाणी तोडतं. ती फांदी वाळते, बाकीचं झाड वाचतं. अर्धं राखाडी, अर्धं हिरवं असं झाड दिसलं की ते मेलेलं समजू नका.

कमानी गुणगुणतात

खरंच. वारा, दूरचे भूकंप, रस्त्यावरची वाहनं, सगळ्यांमुळे प्रत्येक कमान सतत किंचित थरथरत असते. युटा विद्यापीठाचे भूशास्त्रज्ञ संवेदनशील यंत्रांनी ही थरथर नोंदवतात. तिची कंपनं आपल्या कानांना ऐकू येण्याइतकी जलद नसतात, म्हणून ध्वनिमुद्रणाचा वेग वाढवून ती ऐकवतात. प्रत्येक कमानीचा स्वतःचा सूर असतो. आत तडा गेला तर तो बदलतो आणि त्यावरून तिची प्रकृती कळते.

फाटकासमोरचा ढिगारा

मोआबला १९५० च्या दशकात युरेनियमची लाट आली होती. चार्ली स्टीन या भूशास्त्रज्ञाला १९५२ मध्ये जवळच मोठा साठा सापडला आणि गाव रातोरात भरलं. त्या काळातल्या कारखान्याचा किरणोत्सारी गाळ पार्कच्या फाटकाजवळ, कोलोरॅडो नदीच्या काठी पडून राहिला. सुमारे एक कोटी ६० लाख टन! २००९ पासून तो आगगाडीनं उत्तरेला क्रेसेंट जंक्शनकडे हलवण्याचं काम सुरू झालं. याच नदीचं पाणी खाली कोट्यवधी लोक पितात, त्यामुळे हे काम फार मोलाचं.

अंधार जपणारं पार्क

२०१९ मध्ये आर्चेसला आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला. अमावास्येच्या आसपास जात असाल तर मोआबला मुक्काम करा आणि जेवून परत आत या. पॅनोरमा पॉइंटवरून आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते.

निघण्यापूर्वी

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम. जून ते ऑगस्ट दुपारी पारा चाळिशीच्या आसपास जातो. हिवाळ्यात लाल दगडावर बर्फ पडतं, ते दृश्य अप्रतिम, मात्र वाटा निसरड्या होतात. २०२२ पासून काही हंगामांत गर्दीच्या महिन्यांसाठी आधी वेळ राखूनच आत सोडत असत, तेव्हा निघण्याआधी त्या वर्षीचा नियम पाहून ठेवा. दिवसाला माणशी चार लिटर पाणी, टोपी आणि चांगल्या पकडीचे बूट घ्या. डबाही मोआबमधूनच बांधून घ्या, कारण पार्कच्या आत ना हॉटेल आहे, ना खाण्याची टपरी. पिण्याचं पाणी फाटकाजवळच्या केंद्रात आणि थेट डेव्हिल्स गार्डनला मिळतं.